कवळीकाकांचं हेलिकॉप्टर

काकांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या माघारी सगळे म्हणायचे. हे साफ खोटं. कारण लागायचं, फक्त ते त्यांना रोज सकाळी दूध यावं तसं न चुकता मिळायचं.

एकतीस वर्षं काका दात बनवत होते. दातांचे डॉक्टर वेगळे आणि दात बनवणारे वेगळे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन लॅबमध्ये पाठवतो. लॅबमध्ये कुणीतरी त्यात प्लास्टर ओततो, जबडा तयार करतो, मेणात एकेक दात बसवतो, गुलाबी हिरड्या शिजवतो आणि चाकावर धरून चकचकीत करतो. तो कुणीतरी म्हणजे काका. कवळी तोंडात फिट बसली की डॉक्टर म्हणणार, "बघा, कशी बसवली!" टोचली की म्हणणार, "लॅबवाल्याने घोळ घातला." एकतीस वर्षं हे ऐकल्यावर कुणाच्या नाकावर राग बसणार नाही? काकांच्या नाकावर तर तो घर बांधून राहिला होता.

त्यात गेल्या वर्षी लॅबमध्ये यंत्रं आली. एक तोंडाचं चित्र काढणारं, एक दात छापणारं. मोठे साहेब घरी बसले आणि त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब, काकांच्या टेबलाशी येऊन गोड आवाजात म्हणाले, "काका, खूप केलंत. आता आराम करा. पॅकिंग बघा."

आराम! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बोटांना केसाएवढा फरक कळायचा, ती आता डब्यांवर चिकटपट्टी लावू लागली. घरी येऊन त्यांनी दरवाजा असा आपटला की भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे गेलं.

काकू वाचनालयात नोकरीला. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसायच्या आणि संध्याकाळी या माणसाकडे परत यायच्या. त्या म्हणाल्या, "अहो, दाराने काय केलंय? त्याला तरी पॅकिंगला लावू नका."

हेलिकॉप्टर आलं ते याच दिवसांत. काका एका दवाखान्यात डबा पोचवायला गेले, तर तिथल्या कपाटावर एक रिमोटचं हेलिकॉप्टर मोडून पडलेलं. हातभर लांब, वर दोन पाती, मागे शेपटीला बारका पंखा. डॉक्टर म्हणाला, "हौसेनं आणलं होतं, पहिल्याच दिवशी आपटलं. न्या हवं तर, तुमचा वेळ जाईल." 'तुमचा वेळ जाईल' हे शब्द काकांना सुईसारखे टोचले. पण हेलिकॉप्टर मात्र त्यांनी उचललं.

पुढचे पाच आठवडे काका गप्प होते. काकूंना आधी वाटलं, तब्येत बिघडली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्क्रू, दांड्या आणि मोटर पसरलेली, आणि काका त्यावर वाकलेले. पाती नवीन आणावी लागली, कारण मोडलेलं पातं जोडून उडवणं म्हणजे सुरी भिरकावणं. पण बाहेरचं कवच आणि पाय त्यांनी कवळीच्याच गुलाबी मसाल्याने सांधले. दोन दातेरी चाकांत किती फट हवी ते पाहायला दात कुठे टेकतात हे दाखवणारा निळा कागद वापरला. पात्यांखाली एक तबकडी असते. ती ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हेलिकॉप्टर सरकतं. ती तबकडी त्यांनी अशी सपाट बसवली की वर पाण्याचा थेंब ठेवला असता तर बिचाऱ्याला कुठे जावं कळलं नसतं.

शहराबाहेर बंद पडलेल्या काचकारखान्यामागे मैदान होतं. दर रविवारी सकाळी सात-आठ जण तिथे रिमोटची विमानं उडवायचे. काठीला बांधलेला एक जुना मोजा वारा दाखवायचा. काका हेलिकॉप्टर घेऊन पोचले, आणि गुलाबी ठिगळं पाहून कुणीतरी म्हणालं, "अरे, याला हिरड्या फुटल्यात!" काकांचं काम कळल्यावर तर सगळे त्यांना 'डॉक्टर' म्हणू लागले.

"मी डॉक्टर नाही!" काका गरजले.

"बरं डॉक्टर," घड्याळं दुरुस्त करणारा एक जण म्हणाला.

त्या मैदानाचे सर्वेसर्वा म्हणजे मास्तर. मास्तरांची ड्रायव्हिंग शाळा होती. तीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, पायाखाली दुसरा ब्रेक घेऊन, ते जिवंत राहिले होते. मैदानावरही तीच पद्धत. शिकणाऱ्याच्या रिमोटला एक वायर, ती मास्तरांच्या रिमोटला. मास्तरांनी बटण दाबून धरलं की मशीन शिकणाऱ्याच्या हातात. सोडलं की मास्तरांच्या. परीक्षा पास होईपर्यंत वायर सुटायची नाही.

आधी त्यांनी काकांच्या हातात थर्माकोलचं शिकाऊ विमान दिलं. गंमत अशी, की विमान लांब जाताना काका ते वेडंवाकडं करायचे आणि परत येताना सुतासारखं सरळ आणायचे. बाकीच्यांचं नेमकं उलट. पण सहा वेळा आपटलेल्या विमानाचा असा हिशोब कोण ठेवतो? मास्तर म्हणाले, "येताना नशीब चांगलं आहे तुमचं."

मग हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टर आधी शेपटीकडून शिकवतात. म्हणजे ते समोर एका जागी तरंगत ठेवायचं, पण शेपटी आपल्याकडे, तोंड पलीकडे. त्याचं डावं तेच आपलं डावं, म्हणून सोपं. ते डावीकडे घसरलं की रिमोटची काडी उजवीकडे सरकवायची, संपलं. शाळेतलं पोरही करेल.

काका करू शकले नाहीत. हेलिकॉप्टर डावीकडे घसरायचं, काका काडी डावीकडेच ढकलायचे, आणि ते आणखी डावीकडे पळायचं.

"उजवीकडे! अहो डॉक्टर, उजवीकडे!"

"उजवीकडेच नेतोय!"

"ही उजवी? मग जेवता कोणत्या हाताने?"

मास्तर बटण सोडायचे, हेलिकॉप्टर सावरायचं, काकांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा व्हायचा. असे तेरा रविवार गेले. आणि सगळ्यांत जास्त झोंबायची ती गोष्ट वेगळीच. मैदानावरच्या तिघांनी आपापली हेलिकॉप्टरं काकांकडून जुळवून घेतली होती. काकांनी हात लावलेलं मशीन हवेत खिळा ठोकल्यासारखं उभं राहायचं. घड्याळवाला उडवता उडवता ओरडायचा, "डॉक्टर, काय बसवलंय! लोणी!" दुसऱ्यांची लोणी, आणि आपलं दर रविवारी मास्तरांच्या बटणाला लटकलेलं.

तेराव्या रविवारी तर कहर झाला. मास्तरांना शिंक आली, बटण सुटायला क्षणभर उशीर झाला, आणि काकांचं हेलिकॉप्टर मास्तरांच्या गाडीच्या काचेवरून वीतभर अंतराने गेलं. ड्रायव्हिंग शाळेची गाडी. तीस वर्षांत ओरखडा नाही.

"बास!" मास्तर म्हणाले. "पुढच्या रविवारी परीक्षा. चुन्याच्या रिंगणात दोन मिनिटं तरंगत ठेवायचं. मी एकदा जरी बटण सोडलं, तरी तुम्ही आणि तुमचं हे कवळीचं खेळणं, दोघांनी मैदानावर यायचं नाही."

"खेळणं?"

"मग काय म्हणू? तुमच्या हातांना ते जमत नाही. वय झालं, मान्य करा. घरी आराम करा."

पुन्हा आराम. काकांनी हेलिकॉप्टर उचललं, रिमोटची वायर तशीच लोंबत, आणि एक शब्द न बोलता बसथांब्याकडे निघाले. काका बोलले नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर.

घरी मात्र बोलले. "तो ब्रेकवाला! मला म्हणतो हातांना जमत नाही! या हातांनी मी अर्ध्या शहराला चावायला शिकवलंय!"

"मग सोडून द्या ना," काकू म्हणाल्या. "गच्चीवर उडवा."

"गच्चीवर तारा आहेत. दुसरं मैदान नाही. आणि मी सोडलं, की ते दोघं खरे ठरले. तो धाकटा आणि तो मास्तर. मग मी खरंच डब्यांना पट्ट्या लावायच्या लायकीचा."



गुरुवारी लॅबमध्ये दुसराच भडका उडाला. एका आजीबाईंची कवळी परत आली होती. आजींचा तरुणपणापासून डावा सुळा थोडा वाकडा. नवे दात करताना त्यांनी जुना फोटो दिला होता आणि बजावलं होतं, सुळा तसाच वाकडा ठेवा, नाहीतर मला मीच ओळखू येणार नाही. कवळी बसवली, आरसा दाखवला, आणि आजी रडायलाच लागल्या. हे माझं तोंड नव्हे, म्हणाल्या.

धाकटे साहेब डबा घेऊन पॅकिंगच्या टेबलाशी आले. "काका, दुसऱ्याच कुणाची तरी पाठवलीत. एवढंच तर काम आहे तुम्हाला."

काकांनी डबा उघडला. कवळी हातात घेतली, तोंडासमोर धरली. एका नजरेत कळलं. डबा बरोबर होता, कवळी आजींचीच होती. फक्त वाकडा सुळा उजवीकडे आला होता.

"हे पडद्यावर कुणी केलं?"

"मी केलं. डावा सुळा लिहिलं होतं, डावा केला."

"कुणाचा डावा?" काकांचा आवाज चढला. चाकं थांबली, कामावरच्या मुली माना वळवून बघू लागल्या. "तुमच्या डाव्या हाताला पडद्यावर जे दिसतं, तो तिचा उजवा! चिठ्ठीत डावा म्हणजे पेशंटचा डावा! समोर माणूस तुमच्याकडे तोंड करून बसलाय असं समजायचं आणि मग हात चालवायचा! पहिल्या दिवशी शिकवतात हे! मी एकतीस वर्षं डावीकडे बघून उजवा म्हणतोय, माझ्या हाडांत गेलंय ते, आणि तुम्ही मला..."

आणि काका थांबले.

तोंड उघडं, कवळी हातात, नजर कुठेतरी लांब. लॅबमधल्या मुलीने धावत पाणी आणलं. धाकटे साहेबही घाबरले. "काका? बसा, बसा. छातीत दुखतंय का?"

"चूप बसा हो," काका पुटपुटले. "विचार करतोय."

पाच वाजता ते थेट वाचनालयात गेले आणि 'शांतता राखा'च्या पाटीखाली म्हणाले, "अगं, चल घरी! मला तुझा हात हवाय!" एकोणतीस वर्षांच्या संसारात अशी मागणी पहिल्यांदाच झाली होती. वाचणाऱ्या दोघांनी पुस्तकं खाली केली. काकू लाल झाल्या.

हात हवा होता तो हेलिकॉप्टर सरकवायला. काकांनी टेबलावर जागा केली, पाती काढून ठेवली, मोटरची वायर सोडवली, आधी रिमोट चालू केला, मग हेलिकॉप्टर. शेपटी स्वतःकडे ठेवली.

"मला न सांगता सरकव. कुठेही. आणि मी काडी हलवली की ती तबकडी कुठे कलते ते सांग."

काकूंनी हेलिकॉप्टर एका बाजूला सरकवलं. काकांचा अंगठा हलला. काकू म्हणाल्या, "जिकडे सरकवलं तिकडेच कलली."

"चूक. पुन्हा."

पुन्हा चूक. दहापैकी आठ वेळा चूक. काकांचे दात करकरले. मग त्यांनी हेलिकॉप्टर उचलून उलटं ठेवलं, तोंड स्वतःकडे. खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखं ते आता त्यांच्याकडे बघत होतं.

काकूंनी सरकवलं. अंगठा हलला. "उलट्या बाजूला कलली."

"बरोबर. पुन्हा."

"बरोबर."

दहापैकी दहा. काकूंनी मुद्दाम पटकन पुढे ओढलं, मागे ढकललं, तिरपं नेलं. काकांच्या अंगठ्याला विचार करावाच लागत नव्हता. हेलिकॉप्टरचं पुढे म्हणजे आपल्याकडे, त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला. समोर बसलेलं तोंड.

"अच्छा!" काकू खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणून तुम्ही मला 'डावीकडचा डबा दे' म्हणता आणि मी उजवीकडचा दिला की खूश होता. मला वाटायचं, माझंच चुकतं."

काका हसले नाहीत. त्यांना भयंकर राग आला होता. "तेरा आठवडे! तेरा आठवडे तो मला आंधळा म्हणाला, आणि कुणाला एकदाही सुचलं नाही की याला उलटं धरून बघू या!"

"तुम्हाला तरी कुठे सुचलं?"

"मला राग आला होता!"

रविवारी मोजा जवळजवळ लोंबत होता, म्हणजे वारा नव्हता. काकूही आल्या होत्या, मांडीवर पुस्तक, पण ते उघडलं नव्हतं. सगळे रिंगणापासून लांब उभे राहिले. मास्तरांनी आपली गाडी फाटकाबाहेर लावली होती.

काकांनी हेलिकॉप्टर रिंगणाच्या मध्ये ठेवलं. तोंड स्वतःकडे.

"फिरवा ते," मास्तर म्हणाले.

"नाही. समोरून उडवणार."

मैदानावर हशा पिकला. समोरून उडवणं म्हणजे सगळ्यांत अवघड धडा. तीन-तीन वर्षं झालेले लोक तिथे पाती मोडतात. "शेपटीकडून उभं राहत नाही, आणि समोरून म्हणे!" घड्याळवाला म्हणाला. "डॉक्टर, औषध घ्या."

"दोन मिनिटं रिंगणात, एवढंच ठरलं होतं. तोंड कुठे करायचं हे ठरलं नव्हतं."

"मी परवानगी देणार नाही!" मास्तरांचा आवाज चिरकला.

"का?"

"धोका आहे!"

"मग बटण कशाला आहे तुमच्याकडे? सोडा की! तेरा आठवडे सोडताय, आज काय बोट आखडलं?"

मास्तर पुढे झाले. वायर जोडली. बटणावर अंगठा ठेवला. मग त्यांनी फाटकाबाहेरच्या गाडीकडे एकदा पाहून घेतलं, पण ते फक्त काकूंच्या लक्षात आलं.

पाती फिरू लागली. गवत सपाट झालं. हेलिकॉप्टर उचललं गेलं, छातीएवढं वर आलं आणि काकांकडे बघत उभं राहिलं. थोडं डावीकडे घसरलं. मास्तर सवयीने ओरडले, "उजवीकडे!" काकांनी काडी डावीकडे रेटली, आणि ते शहाण्यासारखं मध्ये आलं.

"एक मिनिट," घड्याळवाला म्हणाला. त्याच्या आवाजातली गंमत गेली होती.

ते पुढे आलं, काकांनी मागे नेलं. शेपटी वळू लागली, काकांनी वळू दिली नाही. रागाने लाल झालेला चेहरा, कपाळावरची शीर टरारलेली, आणि खाली दोन अंगठे मेणावर दात बसवावा इतके हळुवार. इतके दिवस हे अंगठे काय करत होते? पट्ट्या लावत होते.

"दोन मिनिटं. अहो, दोन झाली. उतरवा."

काकांनी उतरवलं नाही. आणखी एक मिनिट ठेवलं, मास्तरांकडे न बघता. मग चारी पाय एकदम टेकतील असं खाली आणलं आणि आधी मोटरचं बटण बंद केलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे मास्तरांकडे बघत होते. मास्तर वायरकडे बघत होते. शेवटी त्यांनी ती काकांच्या रिमोटमधून काढली आणि गुंडाळून खिशात ठेवली.

"पास," ते म्हणाले.

"एवढंच?"

"आणि काय पाहिजे?"

"तेरा आठवडे मला घरी बसवायला निघाला होतात! मघाशी का नको म्हणत होतात, ते सांगा. खरं सांगा!"

मास्तर आजूबाजूला बघून जवळ सरकले. मग खाली बघत, फक्त काकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ते समोरून घसरलं असतं, तर मला सावरता आलं नसतं. मला समोरून येत नाही. नऊ वर्षांत कधीच आलं नाही."

काकांनी मास्तरांच्या हातातल्या बटणाकडे पाहिलं.

"म्हणजे आज तुमच्या पायाखाली ब्रेक नव्हताच?"

"नव्हता."

"आणि ऐटीत बटण धरून उभे होतात! मी पाडलं असतं तर दोष माझा, ठेवलं तर शिकवणी तुमची! अहो, तुम्हीच खरे डॉक्टर आहात!"

लांब उभ्या असलेल्यांना एवढंच ऐकू आलं, आणि काका कुणालातरी डॉक्टर म्हणाले म्हणून ते चक्रावले.

काकांनी मास्तरांच्या खिशात हात घालून वायर ओढून काढली. एक टोक त्यांच्या रिमोटला खुपसलं, एक आपल्या रिमोटला. रिमोटमधली 'गुरू कोण, शिष्य कोण' ही निवड उलटी केली, म्हणजे बटण आता काकांकडे.

"या. उभे राहा इथे. ते तुमच्याकडे बघतंय, तुम्ही त्याच्याकडे बघा. खुर्चीत पेशंट बसलाय. त्याचा उजवा गाल कोणता?"

मास्तरांनी भीतभीत बोट दाखवलं.

"तो डावा! कुणाचा उजवा विचारतोय मी? तुमचा की त्याचा?" काकांचा आवाज काचकारखान्याच्या भिंतीवर आपटून परत आला. "आणि असे लाजता काय? लोकांना ओरडताना लाज वाटत होती का?"

मोटर सुरू झाली. हेलिकॉप्टर उठलं आणि लगेच डावीकडे पळालं. काकांनी बटण सोडलं, सावरलं, पुन्हा दाबलं.

"पुन्हा," ते म्हणाले.

काकूंनी पुस्तक उघडलं. सकाळ अजून बरीच बाकी होती, आणि तेरा आठवड्यांचं ओरडणं परत करायचं म्हणजे घाई करून चालणार नव्हतं.